पोराने नॉर्डिक स्की टीममध्ये नाव दिलंय? मीटला जायची तयारी अशी करा (मिनेसोटातल्या नवीन आईबाबांसाठी)

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की मंडळातल्या कुणाचा तरी फोन येतोच, की अगं आमच्याकडे पण पोराने शाळेच्या नॉर्डिक टीममध्ये नाव दिलंय, पहिली मीट म्हणजे स्पर्धा पंधरा दिवसांवर आली, काय घ्यायचं काय भरायचं काहीच कळत नाहीये. ती घालमेल मला चांगली माहितीये. मी सोलापूरची, बेचाळीस डिग्रीचे उन्हाळे बघत वाढलेली, आणि लेकीने सातवीत असताना घरी येऊन सांगितलं की मला स्कीइंग करायचंय तेव्हा आमच्या दोघांपैकी कुणी आयुष्यात पायात स्की घातलेली नव्हती. आता ती अकरावीत आहे, पाचवा हिवाळा चालू आहे, आणि फोनवर सांगताना दरवेळी काहीतरी राहून जातं म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं सगळं त्याच्याभोवतीच आहे. नवीन आईबाबा काळजी करतात स्की कुठल्या कंपनीची, वॅक्स कुठलं, दुसऱ्यांच्या मुलांकडे अमुक आहे आमच्याकडे नाही. मी पाच वर्षं बघतेय, मुलाचा दिवस चांगला जाणार का वाईट हे ठरतं रेसच्या आधीच्या एका तासात आणि रेस संपल्यानंतरच्या दहा मिनिटांत. अंग गरम आहे का, कपडे कोरडे आहेत का, पोटात वेळेवर काही गेलंय का. हे तिन्ही आपण घरून करून पाठवू शकतो. बाकीचं कोच बघतात आणि ते आपल्यापेक्षा खूप चांगलं बघतात.

खेळ नक्की कुठला ते

नॉर्डिक म्हणजे क्रॉस कंट्री. लिफ्टने वर जाऊन खाली घसरत यायचं ते अल्पाइन, ते वेगळं. इथे चढ पण आपल्याच पायांनी चढायचा. दोन प्रकार असतात, क्लासिक म्हणजे बर्फात पाडलेल्या दोन समांतर खाचांमधून सरळ पावलं टाकत जायचं, आणि स्केट म्हणजे आइस स्केटिंगसारखं दोन्हीकडे तिरकं ढकलत जायचं. क्लासिकच्या रेसमध्ये स्केट करायला परवानगी नसते, हे मुलाला पहिल्याच मीटच्या आधी पक्कं माहीत हवं. शाळेच्या टीममध्ये सातवी ते बारावीची मुलं असतात, सीझन नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू होऊन फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतो, मीट कधी आठवड्याच्या मधल्या दिवशी शाळा सुटल्यावर असतात, कधी शनिवारी. जेसी डिगिन्स आपल्याच इथल्या आफ्टनची, स्टिलवॉटरच्या हायस्कूलमधून अशाच शाळेच्या मीट करत मोठी झाली, आणि २०१८ ला प्यॉंगचांगमध्ये किकन रँडलबरोबर टीम स्प्रिंटमध्ये तिने अमेरिकेला क्रॉस कंट्रीचं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड मिळवून दिलं. पोरींना हे सांगा, त्यांना फार आवडतं.

पायरी १: सामान, पण पहिल्या वर्षी विकत नको

पहिल्या वर्षी स्की भाड्याने घ्या. बऱ्याच स्कीच्या दुकानांत पूर्ण सीझनसाठी मुलांचा सेट भाड्याने मिळतो, शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठिकठिकाणी स्की स्वॅप असतात म्हणजे जुन्या सामानाची खरेदी-विक्री, तिथे सकाळी लवकर गेलात तर चांगलं मिळतं. मुलं भराभर वाढतात, सातवीतली स्की नववीत चालत नाही. आणि क्रॉस कंट्रीची स्की फक्त उंचीवर नाही तर वजनावर बघतात, कारण स्की मधून थोडी कमानीसारखी उचललेली असते आणि मुलाच्या वजनाने ती किती दबते त्यावर सगळं चालतं. त्यामुळे भावाची स्की बहिणीला असं डोळे मिटून करू नका, आधी कोचला दाखवा.

बूट मात्र नीट बघून घ्या. बोटं आत हलली पाहिजेत. आवळ बुटात रक्त खेळत नाही आणि मग कितीही जाड मोजा घातला तरी पाय गार. आम्हाला पहिल्या वर्षी एका दुकानात सांगितलं की घट्टच बरे, आणि तिचे अंगठे अख्खा डिसेंबर बधिर व्हायचे, शेवटी कोचने अर्धा साइज मोठे आणायला लावले तेव्हा प्रश्न सुटला. सुरुवातीला दोन्ही प्रकारांना चालणारे कॉम्बी बूट मिळतात, ते पुरेत.

पोल्स दोन जोड्या लागतात, क्लासिकचे साधारण खांद्यापर्यंत आणि स्केटचे हनुवटी ते ओठांपर्यंत. दिसायला सारखेच. आम्ही एका शनिवारी क्लासिकच्या रेसला स्केटचे पोल्स घेऊन गेलो होतो, शेवटी दुसऱ्या शाळेच्या एका बाबांनी त्यांच्या गाडीतला जादाचा जोड दिला म्हणून ती धावू शकली. तेव्हापासून आमच्या पोल्सवर रंगीत चिकटपट्टी आहे, लाल म्हणजे स्केट, हिरवी म्हणजे क्लासिक, आणि प्रत्येक वस्तूवर नाव. खरंच प्रत्येक, कारण दोनशे मुलांच्या सारख्याच काळ्या बॅगा एका हॉलमध्ये पडलेल्या असतात.

पायरी २: कपडे, सुती काहीही नाही

घरून आणलेले सुती बनियन, सुती मोजे, सुती लेगिन, सगळं बाजूला ठेवा. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, मूल थांबलं की पाच मिनिटांत तेच ओलं कापड अंगाला बर्फासारखं लागतं. मी पहिल्या मीटला लाडाने तिला आजीने पाठवलेलं सुती थर्मल घालून पाठवलं होतं, रेस झाली आणि पोरगी अशी कुडकुडायला लागली की तिला बोलता येईना, ते दृश्य माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही.

अंगाला लागून पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचा पातळ बेस लेयर. त्यावर टीमचा रेस सूट. त्यावर वॉर्मअपचं जॅकेट आणि पँट, आणि पँट अशी घ्या जिची बाजूची चेन कमरेपासून खालपर्यंत पूर्ण उघडते, म्हणजे बूट न काढता काढता येते. नवीन लोकांना ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि मग स्टार्टच्या तीन मिनिटं आधी मूल एका पायावर उड्या मारत असतं. त्याशिवाय एक जाड लांब कोट, रेसच्या आधी आणि नंतर नुसता अंगावर टाकायला. डोक्याला पातळ स्कीची टोपी, गळ्यात बफ म्हणजे कापडाची नळीसारखी पट्टी, हाताला रेसचे पातळ ग्लव्ज आणि वेगळे जाड मिटन. आपली माकडटोपी वाईट नाही बरं का, बसमध्ये आणि उभं राहायला उत्तम, फक्त पळताना तिच्यात घाम फार येतो.

पायरी ३: बॅग, दोन भरा

एक बॅग रेसची आणि एक नंतरची. दुसरी बॅग हीच खरी महत्त्वाची आणि हीच लोक विसरतात.

रेसच्या बॅगेत बूट, सूट, टोपी, ग्लव्ज, गॉगल, पाण्याची बाटली, इनहेलर लागत असेल तर इनहेलर. स्की आणि पोल्स वेगळ्या लांब बॅगेत, स्कीचा जोड पुढे आणि मागे वेलक्रोच्या पट्टीने बांधून, म्हणजे एकमेकीवर घासत नाहीत.

नंतरच्या बॅगेत अंगातला प्रत्येक कपडा परत एकदा. आतले कपडे धरून, मुलींसाठी कोरडी स्पोर्ट्स ब्रा धरून, मोजे दोन जोड, दुसरी टोपी, दुसरे ग्लव्ज, एक छोटा टॉवेल. हे सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कपडे बदलले की ओले त्याच पिशवीत जातात. हात-पाय गरम करायची ती हवेत उघडली की तापणारी पाकिटं मिळतात, चार-सहा ठेवा. व्हॅसलीन नाहीतर चेहऱ्याचं जाड मलम. आणि डोक्याला बांधायचा छोटा दिवा, कारण डिसेंबरमध्ये इथे साडेचारला सूर्य मावळतो आणि शाळा सुटल्यावरच्या मीट दिव्यांच्या उजेडात संपतात, ट्रेलवर दिवे असतात पण पार्किंगमध्ये बॅग शोधताना नसतात.

पायरी ४: खाणं

इथे आपण मराठी आया जरा पुढेच असतो. टीमच्या पालकांकडे मीटच्या आदल्या रात्री पास्ता असतो बऱ्याचदा, मुलाला जाऊ द्या, सगळ्यांबरोबर बसून जेवणं हाच त्यातला मोठा भाग आहे. शाकाहारी असेल तर आधी सांगून ठेवा, लोक आनंदाने वेगळा सॉस करतात, आणि तुमची पाळी आली की तुम्ही पण काहीतरी घेऊन जा. आमच्याकडे पाळी असते तेव्हा मी मोठं पातेलंभर मसालेभात करते, तिखट अगदी कमी, आणि पातेलं पुसून जातं.

रेसच्या दिवशी मुख्य जेवण साधारण तीन तास आधी आणि ते ओळखीचं, हलकं. भात-वरण, मऊ उपमा, केळं, ओट्स, पोळी आणि जॅम. त्या दिवशी नवीन काही करून बघायचं नाही. तळलेलं नको, भरपूर तूप नको, राजमा-छोले नकोत, चढावर पोटात दुखतं. रेसच्या तासभर आधी अर्धं केळं किंवा गुळपापडीची एक वडी.

डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू हे सगळं नंतर. रेस झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत काहीतरी गोड आणि काहीतरी प्रोटीन पोटात जायला पाहिजे, इथली मुलं चॉकलेट मिल्क पितात, ते चांगलंच आहे, त्याच्याबरोबर शेंगदाण्याचा लाडू दिला तर काम झालं. आमच्या टीममध्ये आता लाडूला लाडूच म्हणतात. संक्रांत बरोबर सीझनच्या मध्यात येते आणि तिळगूळ तर थंडीचाच खाऊ आहे, पण एक लक्षात ठेवा, कडक पाकाची वडी बाहेर थंडीत दगड होते, दात लावता येत नाही. विकतच्या एनर्जी बारचं पण तेच होतं. मऊ वडी करा आणि बाहेरच्या बॅगेत न ठेवता जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायला सांगा.

पाणी कोमट करून थर्मासमध्ये. साधी बाटली असेल तर उलटी ठेवायची, पाणी वरून गोठायला लागतं म्हणजे मग बर्फ बुडाकडे धरतो आणि तोंड मोकळं राहतं. थंडीत तहान लागत नाही पण घाम जातच असतो, घोट घोट प्यायची आठवण करावी लागते. थर्मासमध्ये मी कधी आमसुलाचं सार देते कधी पातळ गोडं वरण, दुसरी मुलं पण मागतात.

पायरी ५: आदल्या रात्री आणि बसमध्ये

सगळं दाराशी मांडून ठेवा आणि भरायचं काम मुलाने करायचं, आपण फक्त यादी वाचायची. सातवीतल्या मुलाला हे जमतं. आपण भरलं तर तिथे गेल्यावर त्याला काय कुठे आहे ते सापडत नाही आणि आपण तिथे नसतो, कारण टीम शाळेच्या पिवळ्या बसने जाते आणि आपण आपल्या गाडीने मागून.

बूट बसच्या खालच्या कप्प्यात किंवा ट्रेलरमध्ये जाऊ देऊ नका. स्की जाऊ देत, बूट मुलाच्या पायाशी, आतमध्ये. दोन तास उणे तापमानात राहिलेल्या बुटात पाय घातला की तो पाय त्या दिवशी परत गरम होत नाही. ग्लव्जचं पण तेच.

बसमध्ये मुलं गाणी लावतात, अभ्यास करतात, एकमेकींच्या वेण्या घालतात. पहिल्या वर्षी लेक अगदी गप्प असायची, टीममध्ये तिच्यासारखी दिसणारी कोणी नव्हती, मला त्याचं फार वाटायचं. मग एका बारावीतल्या कॅप्टन मुलीने एका मीटला तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि पोचेपर्यंत तिच्याकडून आकडे मराठीत शिकली, आणि नंतर चढावर उभी राहून एक दोन तीन चार ओरडत होती तिच्यासाठी. बस चुकवून मुलाला आपल्या गाडीने नेऊ नका, अगदी कारण असल्याशिवाय. टीम बसमध्येच तयार होते.

पायरी ६: पोचल्यावरचा तास

क्रम असा असतो. कोच बिब देतात, म्हणजे छातीवरचा नंबर, आणि बऱ्याच ठिकाणी घोट्याला बांधायची टायमिंगची चिप. स्टार्ट कसा आहे ते विचारून घ्यायचं, सगळे एकदम सुटणार का एकेक जण ठराविक सेकंदांच्या अंतराने. एकेक असेल तर आपल्या नंबरची वेळ पाठ पाहिजे, ती चुकली तर घड्याळ कुणासाठी थांबत नाही. मग कोर्सवर एक चक्कर, कुठे वळण आहे कुठे उतार आहे बघत, अर्धा-पाऊण तास हळूहळू अंग तापवत. सुटायच्या साधारण पाच मिनिटं आधीपर्यंत जॅकेट-पँट अंगावरच. लवकर काढून उभं राहणं ही नवीन मुलांची सगळ्यात नेहमीची चूक, तापवलेलं सगळं वाया जातं. काढलेले कपडे कुठे ठेवायचे ती जागा टीमने ठरवलेली असते, तिथेच, बॅगेत कोंबून, बर्फावर नाही.

वॅक्सबद्दल थोडं सांगते कारण सगळे विचारतात. स्कीच्या तळाला दोन प्रकारचं लागतं, घसरण्यासाठी ग्लाइड वॅक्स, ते इस्त्रीने वितळवून लावतात, खरवडतात आणि ब्रशने चकचकीत करतात. आणि क्लासिकमध्ये मधल्या भागाला पकड देणारं ग्रिप वॅक्स, ते बर्फाच्या तापमानावर बदलतं, गार असेल तर हिरवं-निळं, ऊब असेल तर जांभळं-लाल, आणि बर्फ वितळून परत गोठून खडबडीत झाला असेल तर मधासारखं चिकट क्लिस्टर. तापमान शून्य सेल्सिअसच्या आसपास असलं की कोचांची सगळ्यात जास्त धांदल, सकाळी चाललेलं वॅक्स दुपारी बर्फ धरायला लागतं. अशा वेळी वॅक्सच्या टेबलाजवळ जाऊन प्रश्न विचारू नका, कोणी मदत मागितली तर स्की धरून उभे राहा. घरी करायची हौस असेल तर खिडकी उघडी ठेवून करा. जुन्या सामानात फ्लोरो लिहिलेलं वॅक्स मिळालं तर वापरू नका. ती रसायनं निसर्गात नाहीशी होत नाहीत, आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये २०२३-२४ पासून बंदी आहे आणि मिनेसोटात १ जानेवारी २०२५ पासून असलं वॅक्स विकायलाच बंदी आहे.

पायरी ७: रेस, आपण कुठे उभं राहायचं

फिनिशला सगळे उभे असतात. तुम्ही चढावर जा. कोर्सचा नकाशा बघा, सगळ्यात मोठा चढ शोधा आणि तो संपायच्या जरा अलीकडे उभे राहा, तिथे मुलं एकटी असतात आणि तिथेच आवाज लागतो. नाव घेऊन ओरडा, मराठीत ओरडा, आमची लेक म्हणते की शंभर आवाजांत "चल चल चल, पाय उचल" तेवढं बरोब्बर ऐकू येतं. दुसऱ्या शाळांच्या मुलांना पण ओरडा, इथे सगळे तसंच करतात, आणि सगळ्यात शेवटी येणाऱ्या मुलासाठी तर सगळ्यात जास्त आवाज असतो. ट्रेलवर चपटे बूट घालून चालू नका, खाचा मोडतात, कडेने चाला. मागून कुणी "ट्रॅक" असं ओरडलं तर ते आपल्याला बाजूला व्हायला सांगतंय. मुलाला पण सांगून ठेवा, रागावून नाही सांगत कुणी, ती पद्धत आहे.

पायरी ८: नंतरची दहा मिनिटं

फिनिश लाइन ओलांडली की मुलं बर्फावर आडवी पडतात. घाबरायचं नाही, बहुतेक सगळीच पडतात. पण पडून राहू द्यायचं नाही. चिप परत, लांब कोट अंगावर, टोपी बदल, आणि सरळ आत किंवा बसमध्ये जाऊन सगळे कपडे बदल. सगळे. नुसतं वरचं जॅकेट घालून गप्पा मारत उभं राहिलेलं मूल दहा मिनिटांनी निळं पडतं. कोरडे कपडे, मग कोमट पाणी, मग खाऊ, आणि मग दहा-पंधरा मिनिटं हळू स्की करून अंग सैल करायचं. वेळ किती आला, कितवी आलीस, हे सगळं कपडे बदलल्यानंतर विचारा. मी पहिल्या वर्षी आधी तेच विचारायचे, आणि एकदा ती रडली तेव्हा मला कळलं की ती वेळेमुळे नाही तर थंडीने रडत होती आणि मी समोर उभी राहून नंबर विचारत होते.

रेसनंतर कोरडा खोकला येतो बऱ्याच मुलांना, गार कोरडी हवा जोरात आत ओढल्यामुळे. थोड्या वेळाने बसतो. पण छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, दरवेळी होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा, थंडीत व्यायामाने येणारा दमा या खेळात बराच दिसतो आणि इनहेलरने मुलं मस्त खेळतात. इनहेलर असेल तर कोचला माहीत पाहिजे की तो कुठल्या खिशात आहे.

थंडी किती म्हणजे जास्त

आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे उणे २० सेल्सिअसच्या खाली, म्हणजे उणे ४ फॅरेनहाइटच्या खाली रेस पुढे ढकलतात किंवा रद्द करतात, शाळांच्या मीट पण खूप थंडीत पुढे ढकलतात, ते तुम्हाला मेसेजने कळतं. पण त्याच्या अलीकडे पण वारा असतो. शून्य फॅरेनहाइट आणि ताशी १५ मैल वारा असेल तर ते अंगाला उणे १९ फॅरेनहाइटसारखं लागतं आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. गालांना आणि नाकाला टेप लावून मुलं पळतात ते दिसायला विचित्र वाटतं, पण कामाचं आहे.

आपल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगते. फ्रॉस्टबाइटबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं की कातडी पांढरी पडते, गोऱ्या मुलांत ते पटकन दिसतं, सावळ्या कातडीवर ते राखाडी, पिवळसर किंवा नुसतं निस्तेज मेणासारखं दिसतं आणि दुरून कोचच्या लक्षात येत नाही. म्हणून मुलाला शिकवून ठेवा, जागा बधिर झाली, आधी टोचत होतं आणि आता काहीच वाटत नाही, तर रेस सोडून सांगायचं. तिथे चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही, आत नेऊन कोमट पाण्यात किंवा कुणाच्या काखेत हात धरून हळूहळू गरम करायचं. शेकोटी-हीटर नको, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. रंग परत आला नाही, फोड आले, तर सरळ इमर्जन्सी.

पायरी ९: लांबची मीट, रात्रीचा मुक्काम

बऱ्याच मीट ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस-सेंट पॉल) जवळच असतात, थिओडोर वर्थ पार्क, हायलंड लेक, एल्म क्रीक, बॅटल क्रीक. या ठिकाणी मशीनने केलेला बर्फ असतो, त्यामुळे आभाळातून पडला नाही तरी काही किलोमीटरचं चक्कर तयार असतं. २०२३-२४ चा हिवाळा ज्यांनी पाहिला त्यांना हे कळेल, सगळीकडे वाळलेलं गवत आणि मध्ये एक पांढरा पट्टा. त्याच वर्षी फेब्रुवारीत वर्थ पार्कमध्ये वर्ल्ड कप झाला, अमेरिकेत २००१ नंतर पहिल्यांदा, आणि अमेरिकेचा गस शूमाकर १० किलोमीटर जिंकला तेव्हा आमची सगळी टीम कुंपणाला लटकून ओरडत होती. आणि त्याच महिन्यात विस्कॉन्सिनची बर्कबायनर ही लांब पल्ल्याची मोठी स्की रेस, एरवी केबलहून हेवर्डपर्यंत जाणारी, १० किलोमीटरच्या चक्रावर घ्यावी लागली. तेव्हा वेळापत्रक पेन्सिलने लिहा, जागा आणि तारीख दोन दिवस आधीपर्यंत बदलते, हॉटेल असं घ्या जे रद्द करता येतं.

लांबची म्हणजे मुख्यतः जायंट्स रिज, बिवाबिक. स्टेट मीट म्हणजे राज्याची स्पर्धा वर्षानुवर्षं तिथेच होते, सेक्शन म्हणजे विभागाच्या मीटमधून वर आलेल्या टीम आणि स्किअर तिथे जातात, आणि एरवी पण तिथे मीट, ट्रेनिंग कॅम्प असतात. ट्विन सिटीजहून साधारण साडेतीन तास धरा, हायवे ३५ ने उत्तरेला, क्लोकेला हायवे ३३, मग ५३. हिंकलीला टोबीजमध्ये सगळ्यांच्या गाड्या थांबतात, तिथले कॅरॅमल रोल प्रसिद्ध आहेत, मुलांसाठी परतीच्या वेळी घ्या, जाताना नको. पुढे सगळा लोखंडाच्या खाणींचा भाग, गावं लहान, दोन गावांमध्ये काळोख, आणि हरणं रस्त्यावर येतात, म्हणून अंधार पडायच्या आत पोचेल असं निघा.

गाडीत हे हवंच: टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, दोन रजया, फावडं, चाकाखाली टाकायला वाळू, जंपर केबल, फोनचा चार्जर कारण थंडीत बॅटरी पटकन बसते, खाऊ, पाणी. निघायच्या आधी ५११ वर रस्त्यांची स्थिती बघा. गाडी अडकलीच तर गाडी सोडून चालायला लागू नका, आत बसून मदत बोलवा, सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साचला नाहीये ना ते बघत राहा.

हॉटेलमध्ये मुलं चार-चार जण एका खोलीत, कोचांची झोपायची वेळ ठरलेली असते. फोन करून शुभरात्री म्हणा आणि सोडून द्या. शाकाहारी मुलासाठी मी इलेक्ट्रिक केटल, पोह्यांचा कोरडा चिवडा, ज्वारीच्या दशम्या आणि मेतकूट देते, छोट्या गावात रात्री नऊनंतर काही उघडं नसतं. दशम्या दोन दिवस मऊ राहतात आणि थंड पण छान लागतात.

पायरी १०: घरी आल्यावर

मूल गाडीतच झोपतं. त्याला झोपू द्या, पण बॅगा गाडीत राहू देऊ नका. ओले कपडे बाहेर, बुटांतून आतले सोल काढून बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवायचे आणि दोन तासांनी बोळे बदलायचे, हीटरच्या अगदी समोर नको, गोंद सुटतो. ग्लव्ज उलटे करून वाळत. स्कीचा तळ फडक्याने पुसून उभी करून ठेवायची आणि कुठे खडीचा ओरखडा दिसला तर कोचला दाखवायची. रेस सूट गार पाण्यात धुवायचा, सॉफ्टनर नाही, ड्रायर नाही, रात्रभरात वाळतो. इनहेलर, चेहऱ्याचं मलम, गरम करायची पाकिटं संपली असतील तर त्याच रात्री यादीत लिहा, कारण पुढची मीट बहुतेक दोन-तीन दिवसांवरच असते.